काळ्या पट्टीखालचा पत्ता

आगरदांडा,
माघ वद्य सप्तमी

प्रिय परेश,

वाघजाई तुझी राखण करो. वर आगरदांडा वाचून दचकू नकोस, कल्पिताला नवं काही झालेलं नाही. मीच माणगावचं घर सोडून इथे तिच्या आणि सोनलच्या खोलीवर येऊन राहिले आहे. आज सातवा दिवस. माझ्या कपाळाला दोन टाके पडले होते, ते वाळत आले. कसे पडले ते पुढे येईलच. आधी तुझं काम.

उरणच्या बंदरात ट्रेलर आत न्यायचा तर गेटपास लागतो, आणि त्याच्या अर्जाला आधार, लायसन आणि मालकाचं पत्र एकाच पीडीएफमध्ये, दोन एमबीच्या आत लागतं, असा मेसेज तू कल्पिताला केलास. मला केला नाहीस. तिनं तो मला फोनवर वाचून दाखवला. नाक्यावरचा झेरॉक्सवाला कुठल्याशा फुकटच्या वेबसाईटवर चढवून जोडून देतो म्हणत होता, तर तिनं तुला थांबवलं, ते बरं केलं. आपला आधार परक्याच्या ओटीवर ठेवून यायचा आणि परत घेताना तिथे किती नकला राहिल्या हे विचारायचीही सोय नाही, असं ते काम आहे. तू तिला पाठवलेले तिन्ही कागद मी इथेच, तिच्या लॅपटॉपवर, नेट बंद ठेवून जोडले. पानं चार झाली, चारही उघडून पाहिली. आधारच्या मागच्या बाजूचं पान उलटं आलं होतं, ते सरळ केलं. फाईल या पाकिटातल्या पेनड्राइव्हमध्ये आहे.

फाईलला कुलूप आहे. चावी इथे लिहीत नाही, कारण कुलूप आणि चावी एका पाकिटात घालायची नसते. माझा कोंडाजीदादा गेला आणि मी तुला माणगावच्या स्टँडवरून घरी आणलं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. बापाची म्हणून एकच वस्तू खिशात मुठीत धरून बसला होतास. त्या वस्तूचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, आणि पुढे दादा गेला ते साल. हे जगात तुला आणि मलाच ठाऊक आहे. ओटीवर पाय ठेवल्यावर तू ती माझ्या तळहातावर ठेवलीस आणि म्हणालास, आते, ही हरवू नको. मी हरवली नाही. माझ्या कुंकवाच्या करंड्यात आहे, आणि करंडा मी येताना बरोबर आणला आहे.

तुला आठवत असेल, लग्नाआधी कल्पिता माणगावातच एका ऑफिसात जायची तेव्हा तिथला टाकून दिलेला संगणक घरी घेऊन आली होती. गणराज म्हणाला, चला, आयचा टीव्ही आला. पण त्यात टीव्हीसारखं काहीच नव्हतं. एक काळी खिडकी उघडायची, तीत एक ओळ लिहायची, एंटर दाबायचा. देवस्थानचे जुने कागद माझ्याकडे असायचे, त्यांच्यासाठी तिनं मला तेवढंच शिकवलं. कागद जोडायचे, पानं फिरवायची, एखादं पान काढायचं, एका पानावर दुसरं पान चढवायचं. मी त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या आणि प्रत्येकीखाली मराठीत अर्थ लिहिला. तू चिडवायचास, आते, पोथी वाचतेस का टायपिंग करतेस? तसंच होतं ते. फक्त पोथीत अक्षर चुकलं तर देव चालवून घेतो. ती खिडकी चालवून घेत नाही, आणि काही वेळा चुकलं तरी बोलत नाही. नव्या फाईलला दिलेलं नाव आधीच दुसऱ्या फाईलचं असलं, तर विचारत नाही. जुनीच्या जागी नवी बसवते आणि गप्प राहते. पालखीच्या वाटेचा गावकीचा जुना ठराव मी असाच घालवला होता. कागद हाताशी होता म्हणून पुन्हा स्कॅन करून निभावलं.

तेव्हापासून माझा नेम झाला. मूळ फाईल ‘देव्हारा’ नावाच्या फोल्डरात, आणि त्या फोल्डराला लिहायला बंद. काम नेहमी नकलेवर. नव्या फाईलच्या नावात तारीख. झालं की पानं मोजायची आणि मगच बाहेर पाठवायची. उष्ट्या हातानं देवाला शिवत नाही तशी मी मुळाला कधी शिवले नाही. या नेमाचा मला गर्व होता, परेश. तो गर्व कुठे घेऊन गेला ते आता ऐक.

हर्षदचं स्थळ तू आणलं होतंस. त्याचं माणगावात मोबाईल आणि झेरॉक्सचं दुकान, मुलगा हसतमुख, तुझा क्रिकेटमधला दोस्त. चांगलं म्हणूनच आणलंस, हे मला तेव्हाही कळत होतं. चार वर्षं आपली पोरगी सणाला यायची ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालून. दंडावर पट्ट्याच्या बकलाचे वळ, मानेमागे इस्त्रीचं टोक. विचारलं की म्हणायची मोरीत पडले. मी आई असून ते ऐकून घेत होते. एकदा त्यानं तिचं डोकं पाण्याच्या पिंपात धरलं तेव्हाही ती मोरीतच पडली होती. गेल्या ज्येष्ठात ती आली ती जबडा बांधून, रिक्षातून उतरताना तोंडातलं रक्त पदरात धरून, आणि त्या दिवशी मोरीचं नाव काढलं नाही.

चौथ्या दिवशी तो आपल्या अंगणात उभा राहिला. मोत्या भुंकत मध्ये गेला. कुदळीच्या दांड्याचे तीन घाव घालून त्यानं ते मुकं जनावर उंबऱ्याशी आणून टाकलं आणि म्हणाला, ही जिथं असंल तिथं येनार, आनि हिचं बी हेच करनार. गणराज शेतावर होता, तुझे आतोबा आत कडी लावून उभे होते, मी दाराच्या फटीतून बघत होते. मोत्याचे पाय अजून हलत होते.

मग तूच मार्ग काढलास. तुझा टेम्पो आगरदांड्याहून गाड्या नेणाऱ्या बोटीतून दिघीला जायचा, सोनलची शिवणकामाची खोली तुझ्या ओळखीची. कल्पिताला तिथे ठेवलं. जागा आपल्या घरात चौघांनाच माहीत होती. तुला, गणराजला, आतोबांना आणि मला. शेजारीपाजारी आम्ही सांगितलं, पुण्याला गेली.

दिवाळीनंतर पूनम वकीलबाईंनी हर्षदविरुद्ध कोर्टाचा अर्ज तयार केला. सोबतचे कागद चाळीस पानं झाले. दवाखान्याचे केसपेपर, जखमांचे फोटो, आणि अकराव्या पानावर शिवण-संस्थेचं पत्र की ही बाई इथे काम करते. त्यात कल्पिताचा इथला पत्ता टाईप केलेला होता. वकीलबाई म्हणाल्या, याची एक प्रत समोरच्या पक्षाला जाणार, तेव्हा पत्ता दिसता कामा नये. माझ्या ऑफिसात करून घेते. मी म्हटलं, तुम्ही कशाला, मी करते. मला येत होतं ना! वकीलबाईंना न येणारं मला येतं, या विचारानं मी ताठ बसले होते खुर्चीत.

मी काय केलं ते नीट सांगते, कारण सगळं त्यावर आहे. एका कोऱ्या पानावर, पत्ता येतो नेमक्या त्या जागी, काळी पट्टी काढली. मग काळ्या खिडकीत ओळ लिहिली आणि ते पान संस्थेच्या पत्रावर चढवलं. पडद्यावर पाहिलं, पत्ता काळा. छापून पाहिलं, काळा. मूळ देव्हाऱ्यात, नाव नवं, पानं चाळीस. नेमातलं एकही कलम मोडलं नव्हतं. नारळ ठेवून नमस्कार केला आणि फाईल पाठवून दिली.

कल्पिताच्या लग्नाच्या पत्रिका आठवतात? छापून आल्या आणि निमंत्रकांतले आमचे थोरले चुलतसासरे वारले. पुन्हा छापायला मी तयार नव्हते. तू आणि मी ओटीवर बसून चारशे पत्रिकांवर त्यांच्या नावावर पिवळ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. शेवटची चिकटवून तू ती दाराच्या उजेडात धरलीस आणि हसायला लागलास. आते, थोरले आजोबा आतून बघतायत! खरंच, पट्टीखालचं नाव अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. मी तुला म्हटलं, कोण उजेडात धरतंय मेल्या. हे मला त्या दिवशी, पट्टी चढवताना, एकदाही आठवलं नाही.

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. माझा उपास होता, घट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी घालत होते आणि फोन आला. त्या दिवशी इथे काय झालं ते तू मला कधी सांगितलं नाहीस. आता सोनलनं सांगितलं. सकाळचे अकरा वाजले होते. तो दिघीकडून बोटीतून उतरला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, लोकांना वाटलं सुरमई. पहिला घाव शिलाई मशीनवर बसला, लोखंडाचा आवाज झाला म्हणून सोनल आतून धावली. दुसरा घाव कल्पितानं हातावर घेतला. उजव्या हाताची दोन बोटं हिरव्या ब्लाउजपीसवर पडली. तिसरा खांद्यात रुतला आणि कोयता निघेना, म्हणून ती वाचली. सोनलनं चुलीवरचा तापलेला तवा त्याच्या तोंडावर मारला. मासळीच्या टोपल्या टाकून बायका धावून आल्या आणि वल्ह्यानं, दगडांनी, हाताला येईल त्यानं त्याला बडवून बोटीच्या दोरानं जेट्टीच्या खांबाला बांधला. पोलीस येईपर्यंत त्याचं नाकाड फुटलेलं होतं आणि एक म्हातारी त्याच्या तोंडावर मिठाचं पाणी ओतत होती. सोनल म्हणते, आत्ये, त्याचं ओरडनं ऐकून आमाला बरं वाटत व्हतं. मी तिला वाईट म्हणू शकले नाही.

तू बोटीच्या रांगेत टेम्पो लावून उभा होतास. तिला उचलून पुढच्या सीटवर निजवलंस, ती बोटं बर्फाच्या पिशवीत घेतलीस, आणि हॉर्नवरचा हात न काढता दवाखान्यात नेलंस. बोटं बसली नाहीत, पण जीव वाचला. हे सगळं आमच्या घरात उलटं वाचलं गेलं. गणराज म्हणाला, हा इतक्या लवकर तिथं पोचला कसा? स्थळ ह्यानंच आनलं, खोली ह्यानंच बघितली, आनि बरोबर त्याच वेळी हा तिथं! पोलिसांनी हर्षदला पत्ता कुठून मिळाला विचारलं तेव्हा तो फुटक्या ओठांनी हसला आणि म्हणाला, त्यांच्याच कागदात होता. आम्हाला वाटलं, दोस्ताला वाचवतोय.

तिसऱ्या दिवशी कौल मागायला देवीला कळ्या लावल्या. तो आग्रह माझा होता. माणसं खोटं बोलतील, वाघजाई बोलणार नाही, असं मी म्हटलं. गुरवानं ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या, मी हात जोडून विचारलं, आई, पत्ता आमच्या घरातूनच गेला का? गाभाऱ्यात श्वास ऐकू येत होते. उजवी कळी पडली. गुरव म्हणाला, व्हय. उजवा दिलाय. घरातलंच मानूस हाय. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. तू घंटेखाली उभा होतास, अंगात तोच शर्ट, कल्पिताच्या रक्ताचे डाग धुऊनही न गेलेले.

खळ्यात काय झालं ते तुला मी काय सांगू. पण मला ते लिहिलंच पाहिजे, कारण इतके दिवस मी ते मनातही नीट उच्चारलं नव्हतं. पहिली थप्पड माझी. गणराजची नाही, माझी. नऊ वर्षांचा आणून वाढवला तो हाच का, असं म्हणत मी उजव्या हातानं, बांगड्यांसकट, तुझ्या डाव्या कानफटात मारली. तू हात वर केला नाहीस. नुसता म्हणालास, आते, मी नाही. मग गणराजनं मुसळ उचललं. मनगट मोडल्याचा आवाज आला, ओल्या फांदीसारखा. तू खाली पडलास तरी तो थांबला नाही. आतोबा म्हणाले, डोक्यात नको रे, डोक्यात नको, जणू बाकी अंगाला परवानगी होती. माझ्या डाव्या हातात देवीच्या प्रसादाचा नारळ होता, आणि तो मी शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. तुझ्या डाव्या कानातून रक्त मानेवर उतरताना मी पाहिलं. पडदा कशानं फाटला, मुसळानं की माझ्या हातानं, हे डॉक्टरला सांगता आलं नसतं. मला सांगता येतं, कारण मुसळ त्या बाजूला लागलंच नाही.

कल्पिता दवाखान्यातून फोनवर ओरडत होती की परेशदादा असं करनारच न्हाय. आम्ही म्हटलं, औषधाच्या गुंगीत आहे. गणराजनं ठाण्यात जबाब देऊन तुझं नाव पत्ता पुरवणारा म्हणून लिहून दिलं. तू गळ्यात हात बांधून उरणला निघून गेलास. जाताना वाकून माझ्या पायाला हात लावलास तेव्हा मी पाय मागे घेतला.

पौषात वकीलबाईंना दवाखान्याची एक तारीख हवी होती. चाळीस पानं कुठे चाळत बसू म्हणून मी वहीतली एक ओळ पहिल्यांदाच वापरली. कल्पितानं फार पूर्वी लिहून दिली होती, फाईलमधली नुसती अक्षरं बाहेर काढणारी. भर दुपार होती, पाटावर तांदूळ निवडायचे पडले होते. दवाखान्याचे कागद फोटोच होते, त्यांतून काहीच आलं नाही. अकराव्या पानातून मात्र सगळं आलं. राहणार, सोनलची खोली, जेट्टीच्या मागे, आगरदांडा. काळं काही नाही, पट्टी नाही, नुसती स्वच्छ ओळ. पट्टी वर होती आणि पत्ता खाली जसाच्या तसा झोपलेला होता. हर्षदसारख्या दिवसभर झेरॉक्स-संगणकात बसणाऱ्याला काळ्यावर बोट फिरवून अक्षरं उचलायची आणि दुसरीकडे ठेवायची एवढंच काम. त्यांच्याच कागदात होता, असं तो म्हणाला होता. त्या माणसानं आयुष्यात एकदा खरं सांगितलं, ते नेमकं हे.

तरी मी म्हटलं, वकीलबाईंनी केलं असेल, टायपिस्टनं केलं असेल. त्या काळ्या खिडकीत वरच्या बाणाची कळ दाबली की आधी लिहिलेल्या ओळी एकेक करून परत येतात. मी दाबत गेले. आजच्या, कालच्या, पौषातल्या, मार्गशीर्षातल्या. आणि ती आली. माझी ओळ. पट्टीचं पान संस्थेच्या पत्रावर चढवणारी, नव्या नावात मी हौसेनं घातलेल्या तारखेसकट. पुसता आली असती. माझ्याशिवाय कुणी ती बघणार नव्हतं. मी पुसली नाही, पण सांगितलीही नाही. एक महिना आणि चार दिवस. देवीसमोर रोज दिवा लावत होते. ती तर आधीच बोलली होती. घरातलंच माणूस आहे म्हणाली, आणि ते माणूस तिच्यासमोर हात जोडून उभं होतं.

तुझ्या मेसेजची शेवटची ओळ मी वर लिहिली नाही. पोलीस पडताळणीत माझं नाव अडकलंय, पास मिळेलसं वाटत नाही, तरी कागद देऊन बघतो, असं तू लिहिलं होतंस. कल्पितानं ती वाचली आणि मी फोनवरच तिला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, आय, पाठवायच्या आधी अक्षरं काढून बघितली न्हाईस? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मूळ हाय ना? मी म्हटलं, आहे. मग सांग, म्हणाली, आधी घरात सांग. ज्या बोटांनी तिनं मला ती ओळ वहीत लिहून दिली होती, ती आता नाहीत, आणि ती मला एवढंच बोलली.

घरात सांगितलं. आतोबा म्हणाले, झालं ते झालं, उकरून गणराजला आत घालतेस काय? कारण खरं बाहेर आलं की खळ्यातलंही बाहेर येणार. गणराजनं आधी हसून बघितलं, मग संगणक दोन्ही हातांनी उचलून अंगणात आपटला, वर कुऱ्हाडीचे घाव घातले. मी आडवी गेले तर त्यानं मला केसाला धरून बाजूला फेकलं, उंबऱ्याची कड कपाळात घुसली. डोळ्यांत रक्त आलं, त्यातून मला मोत्या दिसला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशा पडलात? मोरीत, असं तोंडात आलं होतं. मी म्हटलं, पडले नाही, माझ्या मुलानं पाडलं. गणराज तो खोका फोडत होता तेव्हा देव्हाऱ्याची नक्कल पेनड्राइव्हवर होती आणि पेनड्राइव्ह करंड्यात. वरच्या बाणानं आलेल्या ओळीही मी आदल्या दिवशी फाईल करून त्यात ठेवल्या होत्या. ते मी त्याला सांगितलं नाही.

इथे आल्यावर कल्पितानं मला खरी रीत दाखवली. डाव्या हातानं टाईप करते, चुकते, पुन्हा करते. झाकायचं असेल त्या पानाचा आधी फोटो करायचा, काळं त्या फोटोतच भरायचं, आणि त्या फोटोची नवी फाईल करायची, म्हणजे खाली काही उरत नाही. मग अक्षरं काढून बघायची. काहीच आलं नाही, तरच पाठवायची. तुझ्या बँक खात्याचा नंबर मालकाच्या पत्रात उगीचच लिहिलेला होता, तो मी असा झाकला आहे आणि तीनदा तपासला आहे. 

परवा मी आणि पूनम वकीलबाई ठाण्यात गेलो. मी जबाब दिला. अकरावं पान काळ्या पट्टीसह छापून दिलं, त्याच पानातून निघालेला पत्ता छापून दिला, आणि माझी ती ओळ तारखेसह. पत्ता माझ्या हातून गेला, परेशचा संबंध नाही, असं लिहून खाली पूर्ण नावानं सही केली. तुझं नाव निघेल असं वकीलबाई म्हणतात, कधी ते सांगत नाहीत. पेनड्राइव्हमध्ये दुसरी फाईल आहे, तिला तेच कुलूप. ती त्या जबाबाची नक्कल आहे. त्यात खळ्यातलंही आहे. आधी माझी थप्पड, मग गणराजचं मुसळ, मग आतोबांचं बघत राहणं, या क्रमानं. येत्या आठवड्यात तुला ठाण्यातून बोलावणं येईल. तिथे मला वाचवू नकोस, गणराजला वाचवू नकोस, तुला तशी खोड आहे. आमच्यावर फिर्याद द्यायची का नाही ते तू ठरव. दिलीस तर मी कोर्टात तुझ्या बाजूनं उभी राहीन, समोर माझा मुलगा असला तरी. क्षमा मागत नाही, ती मागायला आधी तुझं नाव तुला परत मिळायला हवं. हे सगळं फोनवर सांगावं असं दोनदा मनात आलं, नंबरही काढला. पण तू फोन नेहमी डाव्या कानाला लावायचास. म्हणून लिहिलं.

तुझीच,
गोदूआते